पौर्णिमा काय म्हणून राहिली

कापूस एकदम फुटला आणि त्याच आठवड्यात आभाळ आलं. काळ्या वावरात पांढरं फुटलेलं आणि वर मळकट ढग, असं झालं की कास्तकाराच्या घरात घास गोड लागत नाही. सांगवखेडात सगळ्यांचीच तारांबळ उडाली होती. दर्यापूरच्या आसपासच्या सगळ्या गावांत वेचणी एकाच वेळी आलेली. बाया मिळत नव्हत्या. ज्याला मिळाल्या, त्याच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, बाकीचे कास्तकार येऊन उभे राहत आणि उद्या कोण येता, परवा कोण येता म्हणून विचारत.

नत्थुजी तायडे उजाडायच्या आधी दारोदार फिरून कशाबशा चार बाया जमवायचा. घरच्या दोघी होत्याच. बायको मनकर्णा आणि लेक पौर्णिमा.

कमरेला लुगड्याच्या धडप्याची ओटी बांधायची, दोन्ही हातांनी बोंडातला कापूस ओढायचा आणि ओटीत टाकत पुढं सरकायचं. सोपं दिसतं. पण बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला टोचत राहतात, आणि दुपारपर्यंत बोटं अशी होतात की मिठाला हात लावता येत नाही. मनकर्णा बोटांना चिंध्या गुंडाळायची. पौर्णिमा गुंडाळायची नाही. तिचे हात मोकळे चालायचे, आईच्या दुप्पट वेगानं.

पौर्णिमाला ऐकू येत नव्हतं. रांगती असताना ताप आला, डोक्यात गेला आणि कान गेले. कान गेले म्हणून बोलणंही आलं नाही. गावात तिला मुकी म्हणत. तोंडावरच म्हणत. तिला लांबून बोलवायचं असलं की बायका ढेकळाचा बारका खडा तिच्या पाठीवर टाकत. ती वळून पाही. त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं.

नत्थुजीनं तिला अकोल्याच्या निवासी शाळेत घातलं, तेव्हा भावकीनं त्याला खुळ्यात काढलं होतं. मुक्या पोरीला शाळा कशाला? तेव्हा तो ओट्यावर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "बाबासायबानं शिका म्हणून सांगलं. त्यात ज्याले ऐकू येते त्यानंच शिका, असं सांगलं काय?"  पौर्णिमा बारावीपर्यंत शिकली, हातांची भाषा शिकली, लिहायला शिकली आणि घरी परत आली.

घरात मात्र हातांची भाषा कोणाला येत नव्हती. अंगठा तोंडाकडं नेला की पाणी. तळहातावर तळहात थापला की भाकर. दोन बोटं कपाळावर धरली की बैल. अशा मोजक्या खुणा होत्या आणि तेवढ्यावर घर चालायचं. घर चालायला फार बोलावं लागत नाही. मनकर्णाला वाटायचं, आपली लेक स्वभावानंच शांत आहे.

मोठा पोरगा अंकुर चाकणला कंपनीत होता. त्यानं गेल्या वर्षी आपला जुना मोबाईल बहिणीला दिला. त्या दिवसापासून मनकर्णाला वेगळीच पौर्णिमा दिसायला लागली. मोबाईल भिंतीतल्या देवळीत टेकवून ठेवायचा, त्यात शाळेतल्या मैत्रिणीचं तोंड दिसायचं, आणि इकडं हिचे हात असे सुटायचे की मनकर्णाला पहिल्यांदा वाटलं भांडणच लागलं. भुवया वर, गाल फुगवलेले, बोटं नाचताहेत. मग एकदम दोघी हसत सुटायच्या. चुलीपुढं बसून मनकर्णा पाहत राही. एवढं काय बोलत असतील, हे तिला कधी कळलं नाही आणि कोणाला विचारावं हेही सुचलं नाही.

कधी कधी पौर्णिमा मोबाईलवर काहीतरी लिहून आईपुढं धरायची. मनकर्णाला वाचता येत नव्हतं. बचत गटात सही शिकवली होती, तेवढीच यायची. पण लेक हौसेनं दाखवते म्हणून ती पडद्याकडं बघायची आणि हसून मान हालवायची. लहानपणी शाळेतून आणलेल्या वह्यांना हालवायची, तशीच. मला वाचता येत नाही, हे सांगायला घरात कोणती खूणच नव्हती.

दिवाळीनंतर नत्थुजीचा मामेभाऊ धर्मपाल सोयरीक घेऊन आला. माणूस शेंदूरजनाघाटाकडचा. संत्र्याचा बगीचा, विहिरीला पाणी, पक्कं घर. पहिली बायको वारली होती. वय नत्थुजीपेक्षा थोडंच कमी.

"पोट्टी मुकी हाय म्हणून म्या त्याले आधीच सांगलं," धर्मपाल चहा फुंकत म्हणाला. "तर म्हणते कसा, मुकी हाय तं बरंच हाय. घरात कटकट नाई."

नत्थुजी हसला नाही. पण नाहीही म्हणाला नाही. धर्मपालनं मोबाईलवर फोटो दाखवला, तो हातोहात फिरला. चहाच्या कपबशा न्यायला आलेल्या पौर्णिमानंही तो पाहिला आणि आत निघून गेली.

"तिले आवडला वाट्टे," धर्मपाल म्हणाला.

त्याच संध्याकाळी पौर्णिमा चुलीजवळ आली. तिनं बराच वेळ मोबाईलवर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि आईपुढं धरलं. मनकर्णाच्या हातात पिठाचा गोळा होता. तिनं पडद्याकडं बघितलं आणि मान हालवली. पौर्णिमा तिच्या तोंडाकडं पाहत राहिली. मग तिनं अजून एक ओळ लिहून दाखवली. मनकर्णानं परत मान हालवली, भाकर तव्यावर टाकली आणि तिच्या गालाला हात लावला. लेक उठून आत गेली. तिच्या गालावर पीठ तसंच राहिलं होतं.

पाहुणे रविवारी यायचे ठरले. नत्थुजीनं फोनवर अंकुरला धर्मपालचं सगळं बोलणं सांगितलं.

त्याच आठवड्यात वावरात ते घडलं. जेवणाच्या सुट्टीत बाया निंबाखाली बसल्या होत्या. पौर्णिमा जरा लांब, कापसाच्या पऱ्हाटीच्या बेचक्यात मोबाईल अडकवून हातांनी बोलत होती. शेजारची वच्छला पाणी घ्यायला उठली आणि मागून जाताना तिनं पडद्यावर पाहिलं. पोरीचं नव्हे, एका पोराचं तोंड होतं. जवान, दाढी राखलेला.

"माय वं!" वच्छला तिथूनच ओरडली. "मुकीचा तं यार हाय बाप्पा मोबाईलात!"

बाया हसल्या. हसू वावरातून गावात आणि गावातून घरी पोचलं, नत्थुजी पोचायच्या आधी. त्यानं हात उगारला नाही. दारातून आला, पौर्णिमाच्या हातातला मोबाईल काढून घेतला, बंद केला, लोखंडी पेटीत टाकला आणि कुलूप लावलं. पौर्णिमा त्याच्या हाताला लटकली. त्यानं तिची बोटं एकेक करून सोडवली.

"पावणे येऊन राह्यले आन् हे असं गावात गेलं तं?" तो मनकर्णाला म्हणाला. "शेंदूरजन्यापर्यंत बात जायले काय टाइम लागते?"

"पोराले इचारून तं पाहा. अंकुरले."

"काय इचारू त्याले? त्यानंच देल्ला मोबाईल."

दुसऱ्या दिवसापासून पौर्णिमानं हात हालवणं सोडलं. काम करी. सगळ्यांच्या आधी पऱ्हाटीच्या ओळीचा तास धरी आणि सगळ्यांच्या आधी संपवी. पण पाण्याची खूण नाही, भाकरीची नाही. तहान लागली तर उठून स्वतः जाऊन पिई. मनकर्णानं तिची बाही ओढून राहिलेलं बोंड दाखवलं, तर तिनं आईकडं न बघता ते तोडलं. घरी ताट वाढलं तर खाल्लं, नाही वाढलं तर मागितलं नाही. मनकर्णाला ते फार लागलं. आधीही पोर बोलत नव्हतीच. पण आता घरात एक न बोलणारं माणूस आहे, हे दर घडीला जाणवत होतं.

शनिवारी सकाळपासून वारा सुटला. दुपारी पश्चिमेकडं आभाळ काळंभोर झालं. निम्मं वावर अजून उभं होतं. फुटलेला कापूस वाऱ्यानं बोंडाबाहेर लोंबत होता. एक सर आली असती तरी सगळा मातीत गेला असता. नत्थुजी धुऱ्यावर वेचलेल्या कापसाचा ढीग जाड कापडाच्या पालांत बांधत होता. बाया न बोलता भराभर वेचत होत्या.

तेवढ्यात पांदणीनं मोटारसायकल येताना दिसली. पोरगा चालवत होता, मागं एक पोक्त बाई बसली होती. गंमत अशी की बाईनं त्याच्या डाव्या खांद्यावर थाप मारली की तो डावीकडं वळे, उजव्या खांद्यावर मारली की उजवीकडं. मागून कोणाचा ट्रॅक्टर आला, तेव्हा तिनं दोन्ही खांद्यांवर हात दाबले आणि तो कडेला थांबला.

गाडी धुऱ्याशी आली तशी वच्छलानं ओळखलं. "हाच हाय वं! मोबाईलातला!" आणि सवयीनं तिनं ढेकळाचा खडा पौर्णिमाच्या पाठीवर टाकला.

पौर्णिमा वळली. तिनं पाहिलं, आणि कापसानं भरलेली ओटी दोन्ही हातांनी धरून पऱ्हाट्यांतून धावत सुटली. फांद्या तिच्या अंगावर ओरबाडत होत्या. मागं पांढऱ्या पुंजक्यांची रांग पडत गेली. मनकर्णा तिच्या मागं धावली.

नत्थुजी हातातला दोर टाकून उभा राहिला होता. पायाशी बैलाची काठी पडली होती, ती त्यानं उचलली.

"जयभीम, दादा," गाडीवरून उतरलेली बाई म्हणाली. धुळीनं तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "पौर्णिमाचं वावर हेच ना? म्या सुभद्रा. मूर्तिजापूरची. गावात नाव इचारलं तं कोणी सांगेच ना. पौर्णिमा तायडे कोण, पौर्णिमा कोण. शेवटी एक बुढा म्हणे, मुकी काय?"

मनकर्णानं मान खाली घातली.

"जयभीम," नत्थुजी म्हणाला. काठी हातातच होती. "हा पोट्टा कोण?"

"माहा पोरगा. नागसेन. हिच्याच शाळेतला, दोन वर्सं पुढं. मोटारी बांधायचं दुकान हाय त्याचं. वावरातल्या मोटारी जळल्या का आणतात लोक."

"माह्या पोरीसंगं काय काम त्याचं?"

सुभद्राला बायांचे चेहरे दिसले, नत्थुजीची काठी दिसली, आणि तिच्या ध्यानात आलं.

"अवं माय," ती म्हणाली. "तुमाले तसं वाटलं काय? दादा, त्याचं लगन झालं हाय. माधवी त्याची बायको. माधवी आन् पौर्णिमा एका खोलीत राहेत अकोल्याले. सून पोटुशी हाय म्हणून तिले गाडीवर आणली नाई, नाईतर तेच येणार होती. रोज बोलतात पोरी. कधी हा बसते पुढं, कधी ते बसते. चार दिवस झाले, फोन बंद. सून जेवे ना. म्हणे, पौर्णिमाचं काही बरंवाईट झालं. म्हणून आलो."

बायांपैकी कोणी तरी "आता पाय" म्हणालं आणि सगळ्या वच्छलाकडं पाहायला लागल्या. वच्छला ओटीतला कापूस दाबत बसली.

इकडं पौर्णिमाचे हात सुरू झाले होते. चार दिवसांचं बांधलेलं सगळं एकदम सुटलं होतं. ओटीतला कापूस खाली सांडत होता, त्याचंही भान नव्हतं. नागसेन मधेच एखादी खूण करी, ती मान झटकून पुढं चालू. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. सुभद्रा लक्ष देऊन पाहत होती. पाहता पाहता तिचं तोंड उतरलं.

मनकर्णा तिच्या जवळ सरकली. आपल्याच पोटच्या पोरीबद्दल परक्या बाईला विचारायचं म्हणजे जिभेला जड झालं. तरी तिनं विचारलं.

"बाई, काय म्हणून राह्यली वं ते?"

सुभद्रानं आधी नत्थुजीकडं पाहिलं. "म्हणते, उद्या पावणे येऊन राह्यले. म्हणते, मले तो माणूस नको."

"तिले काय मालूम?" नत्थुजी म्हणाला. "तिले कोणीच सांगलं नाई."

"फोटो पाह्यला म्हणते. पावण्यासाठी नवं लुगडं आणलं, ते पाह्यलं. डोळे तं हायेत ना दादा तिले."

नत्थुजी लाल झाला. "तुमी तुमच्या मनचं लावून राह्यल्या, बाई. तिनं नुसते हात हालवले. त्यातून पावणे आन् लुगडं कसं निंगते? तुमी मूर्तिजापूरवून येता, आमच्या घरातली सोयरीक मोडाले?"

सुभद्रा रागावली नाही. तिनं पोराच्या खांद्यावर टिचकी मारली, हातांनी काही सांगितलं. नागसेननं खिशातून मोबाईल काढून पौर्णिमापुढं धरला. पौर्णिमानं डोळे बाहीनं कोरडे केले, ओरबाडलेली बोटं झग्याला पुसली आणि लिहायला लागली. वाऱ्यानं पालं फडफडत होती. सगळ्या बाया काम सोडून जवळ आल्या होत्या. लिहून झाल्यावर तिनं एका ठिकाणी बोट दाबलं आणि मोबाईल बापासमोर धरला.

मोबाईलमधून बाईचा आवाज आला. पुण्याकडचा, स्वच्छ, बातम्या वाचल्यासारखा.

"बाबा. लग्न तो माणूस मी नको. माणूस म्हातारा. तो फोटो पाहिला मी खूप रडली. मुकी बरं कटकट नाही तो म्हणाला. अंकुर दादा फोनवर मला लिहिला."

नत्थुजी दचकून मागं सरला. "हे कोण बोलून राह्यलं?"

"पौर्णिमाच बोलते," सुभद्रा म्हणाली. "तिनं लिवलेलं तो वाचते फक्त. माह्या मनचं यात काही नाई."

पौर्णिमानं परत लिहिलं. लिहिताना एकदा आईकडं पाहिलं.

"आई मी लिहून दाखवलं. दोन वेळा. आई मान हो. आई हसली. मग मी कोणाला सांगू."

आवाज थांबला. तो आवाज सगळं एकाच सुरात म्हणाला होता, त्यात रडणं नव्हतं की राग नव्हता, आणि म्हणूनच मनकर्णाला ते सहन झालं नाही. तिच्या डोळ्यांपुढं ती संध्याकाळ आली, पिठाचा हात आणि पडद्यावरच्या त्या काळ्या मुंग्या.

"मले वाचता येत नाई वं, बाई," ती पौर्णिमाला म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, जसं मोठ्यानं म्हटलं की तिला ऐकू जाईल. "मले वाचताच येत नाई! म्या तशीच मान हालवली. मले काय मालूम तू काय लिवलं!" मग ती सुभद्राकडं वळली. "सांगा ना तिले. तुमच्या हातानं सांगा."

सुभद्रानं सांगितलं. अगदी थोड्या खुणा होत्या. पौर्णिमाच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. तिनं हवेत पेन धरल्यासारखं करून सही केली आणि आईकडं बोट दाखवलं.

"म्हणते, आई सही करते."

"तेवढीच येते. नावापुरती."

तेही सुभद्रानं सांगितलं. पौर्णिमा आईकडं पाहत राहिली. इतक्या वर्षांत दाखवलेली एकेक वही, एकेक ओळ तिला आठवत असावी. मग तिच्या तोंडातून तो आवाज निघाला, जो घरचे लोक फक्त ती दुखल्या-खुपल्यावर ऐकत, आणि ती आईच्या गळ्यात पडली. मनकर्णानं तिला घट्ट धरलं. दोघींच्या मधल्या ओट्यांतला कापूस चेंदला.

नत्थुजीनं काठी कधी टाकली, ते त्यालाही कळलं नसेल. तो काही बोलणार तेवढ्यात टपोरा थेंब त्याच्या कपाळावर पडला.

"आलं! आलं!" बाया ओरडल्या आणि सगळ्या वावरात पांगल्या.

पुढचा वेळ कोणाला बोलायला फुरसत नव्हती. नत्थुजी आणि नागसेन ढिगाशी होते. नत्थुजीला काही सांगायचं असलं की तो आधी ओरडे, मग आठवलं की हात करी. पालाचं टोक धर. ओढ. गाठ मार. गाठ मारायला नागसेनच चांगला निघाला, मोटारीची तार ओढून हात पक्के झालेले. सुभद्रानं पदर खोचला, वच्छलाच्या शेजारचा तास धरला आणि वेचायला लागली. वच्छला खाली मान घालून म्हणाली, "बाई, माह्या तोंडातून गेलं. म्या मजाक केली." सुभद्रा म्हणाली, "येचा आधी. पानी येऊन राह्यलं." पौर्णिमा आणि मनकर्णा एकाच तासाच्या दोन्ही बाजूंनी सरकत होत्या. पोर बोंडं ओढता ओढता आईकडं बघे आणि हसे, परत डोळे भरत, परत ओढी.

पाऊस जोरात आला नाही. थेंब पडले, वारा ढगांना पूर्वेकडं रेटत घेऊन गेला, आणि तिकडं कुठंतरी लांब विजा चमकत राहिल्या. पऱ्हाटीवरचा थोडा कापूस भिजला, तो उन्हात वाळण्यासारखा होता. बांधलेला सगळा ट्रॉलीत चढला. बाया दमून निंबाखाली बसल्या आणि उगाच हसायला लागल्या.

नत्थुजी ट्रॉलीला टेकून उभा होता. त्यानं खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला आणि कानाला न धरता तोंडासमोर धरून बोलायला लागला. त्याची तशीच सवय होती. त्यामुळं पलीकडचं सगळ्यांना ऐकू आलं.

"धर्मपाल, उद्या त्याईले येऊ नको म्हणजो."

"काऊन बे? पानी आलं काय तिकडं?"

"पानी नाई. पोरगी नाई म्हणते."

"कोण पोरगी?"

"माही. पौर्णिमा."

धर्मपाल तिकडं हसला. "मुकी कशी नाई म्हणीन, लेका?"

नत्थुजीनं एकदा पौर्णिमाकडं पाहिलं. ती नागसेनच्या गाडीच्या आरशात बघून केसांतला कापूस काढत होती.

"म्हणली," तो म्हणाला. "साऱ्या वावरानं ऐकलं."

धर्मपाल बरंच बोलला. बगीचा, विहीर, पुन्हा अशी सोयरीक, त्या माणसाला आता काय तोंड दाखवू. नत्थुजी ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "तोंड म्या दाखवीन. तू निरोप दे," आणि मोबाईल खिशात टाकला. त्याला मोठं ओझं उतरवल्यासारखा घाम आला होता. दोन्ही हातांनी तोंड पुसत तो सुभद्राजवळ गेला.

"बाई, चहा पिऊन जा घरी."

"दादा, सुनेले एकटी सोडून आलो."

"मंग तं लवकर पिऊन जा."

तिला हसू आलं. घरी आल्यावर त्यानं पेटीचं कुलूप काढून मोबाईल पौर्णिमाच्या हातात दिला. काही खूण केली नाही. त्याला येणाऱ्या खुणांत तशी कुठली नव्हती. तिच्या डोक्यावर हात ठेवून तो बाहेर बैलांकडं गेला. सुभद्रानं निघताना मनकर्णाला सांगितलं, "शिकायले लय सोपं हाय. म्या चाळिशीनंतर शिकली. पोराशी भांडाचं तं शिकाच लागलं मले."

दिवेलागणीला पौर्णिमानं मोबाईल देवळीत टेकवला. माधवीचं तोंड दिसलं. गोल, पोटुशीचं, सुजरं. दोघींचे हात एकदमच सुटले, कोण कोणाचं पाहतं ते कळेना. मनकर्णानं आज चूल तशीच ठेवली आणि लेकीच्या मागं येऊन उभी राहिली.

पलीकडून माधवीनं तिला पाहिलं. हात जोडले, मग मनकर्णाकडं बोट केलं आणि आपला हात छातीवरून खाली नेऊन कमरेशी दोनदा खोचला.

मनकर्णाला वाटलं, आपला पदर सुटला म्हणून पोर सांगते. तिनं घाईनं पदर ओढून कमरेला खोचला. तर दोघी पोरी खो-खो हसायला लागल्या. पौर्णिमा तर भिंतीला टेकली. हसू आवरल्यावर तिनं आईला जवळ ओढलं. आधी स्वतःकडं बोट केलं आणि दोन्ही हातांनी हवेत गोल वाटोळा चंद्र काढला. मग माधवीकडं बोट केलं आणि गालावरच्या खळीत बोट खुपसलं. मग आईकडं बोट केलं, आणि पुन्हा तीच खूण. छातीवरून हात खाली, कमरेशी, दोनदा.

मनकर्णाला समजायला वेळ लागला.

"माहं नाव हाय काय हे?" ती म्हणाली.

अकोल्याच्या शाळेत, त्या खोलीत, रात्रीच्या गप्पांत इतकी वर्षं ती अशी येत-जात होती. सकाळी कामाला लागताना पदर खोचणारी बाई. ओळख नसलेल्या किती पोरी तिला ओळखत असतील.

तिनं हात छातीवर ठेवला, खाली नेला आणि कमरेशी खोचला. दोनदा. पौर्णिमानं तिचा हात धरून थोडा वर घेतला, मनगट जरा वाकवलं, आणि पुन्हा कर म्हणून दाखवलं.